लकोमची सहल, १ नोव्हेंबर

प्रेषक: नाना, मँडव्हिल
तारीख: ५ ऑक्टोबर
विषय: यंदाची सहल जवळच काढू या

मंडळी, नमस्कार.

बैठकीत सहलीसाठी पुन्हा फ्लोरिडाच्या किनाऱ्याचं नाव निघालं. तिथे आपण चारदा जाऊन आलो. यंदा मी एक गाव सुचवतो, तेही घराजवळचं, इथे लुईझियानातलंच. पॉन्चरट्रेन सरोवराच्या उत्तर काठावर, मँडव्हिल आणि स्लायडेलच्या मध्ये लकोम आहे. न्यू ऑर्लिन्सहून पाऊण-एक तास, बॅटन रूजहून साधारण सव्वा तास. ह्यूस्टनकरांना आदल्या रात्री यावं लागेल. आमच्याकडे आठ जणांची झोपायची सोय होते, संकोच करू नका.

लकोमला नगरपालिका नाही. आठ-साडेआठ हजारांची वस्ती, पाइनच्या झाडीत पसरलेली, आणि मधून वाहणारा बायू. बायू म्हणजे वाहतोय की थांबलाय हे पटकन कळत नाही असा संथ प्रवाह. शब्द मुळात इथल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांचा. माझ्या डोळ्यांना तो कोकणातल्या खाडीच्या आतल्या टोकासारखा दिसतो. पॉन्चरट्रेनला सरोवर म्हणतात खरं, पण पाणी मचूळ आहे. पूर्वेकडच्या रिगलीज नावाच्या चिंचोळ्या जलमार्गाने मेक्सिकोच्या आखाताचं पाणी आत येतं, म्हणून तर त्यात निळे खेकडे मिळतात. पसारा सुमारे १,६०० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली जेमतेम चार मीटर. एवढ्या उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा उभ्या राहतात आणि वादळात पाणी थेट काठावरच्या घरांत शिरतं. २००५ चं कॅटरिना वादळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय, त्यावर वेगळं लिहीत नाही.

सकाळी पक्षी. बिग ब्रँच मार्श हे अभयारण्य १९९४ साली झालं, त्याचं कार्यालय लकोममध्येच आहे. पूर्वी तिथे धर्मगुरूंचं विद्यालय होतं आणि त्याही आधी फुलबाग, म्हणून आवारात आजही कॅमेलियाची झाडं आहेत. तिथून थोड्या अंतरावर बॉय स्काउट रोडची पायवाट लागते. सुरुवातीला फळ्यांचा पूल आहे, पुढे पाइनचं रान. काही खोडांवर पांढरा पट्टा रंगवलेला दिसेल. त्या झाडांत एका लहानशा सुतारपक्ष्याची घरटी आहेत. नराच्या गालामागे लाल रेघ असते, पण ती इतकी बारीक की ती दिसेल या भरवशावर जाऊ नका.

या पक्ष्याचं वैशिष्ट्य असं की तो जिवंत पाइनमध्येच ढोली कोरतो, वठलेल्या झाडात नाही. जुन्या झाडाचा गाभा बुरशीने मऊ झालेला असेल तरच जमतं, आणि तरीही एकेका ढोलीला कित्येक वर्षं लागतात. ढोलीभोवती तो सालीत छोटी भोकं पाडत राहतो. त्यातून राळ ओघळते आणि झाडावर चढणारे साप त्या चिकट राळेमुळे मागे फिरतात. आदल्या वर्षीचे तरुण नर घर सोडत नाहीत, नव्या पिल्लांना भरवायला मदत करतात. जुनी पाइनची रानं तोडली गेली तसा हा पक्षी संपत आला. आता अभयारण्यवाले रान मोकळं राहावं म्हणून ठरवून, राखून आग लावतात आणि झाडांत तयार पेट्या बसवून देतात. खोडं बुंध्याशी काळी दिसली तर वणवा लागला असं समजू नका. २०२४ साली या पक्ष्याचा दर्जा 'नष्टप्राय'वरून 'धोक्यात' असा एक पायरी सुधारला.

तो पहाटे ढोलीतून निघतो आणि दिवसभर भटकतो. त्यामुळे उजाडायच्या आत पोचायला हवं. १ नोव्हेंबरला सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आहे (घड्याळं दुसऱ्या दिवशी मागे जाणार आहेत), म्हणजे मुलांनाही जमेल.

दुपारी टॅमनी ट्रेसवर सायकली. जुन्या रेल्वेमार्गावरची ही ३१ मैलांची वाट स्लायडेलहून लकोम, मँडव्हिल, अबिटा स्प्रिंग्ज करत कव्हिंग्टनला जाते. कव्हिंग्टन हे नाव मुलांना जरूर सांगा. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल, म्हणजे मिश्र वंशाचा, तरुण कव्हिंग्टनचंच पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. ठरवून बसला, काळ्या-गोऱ्यांचे डबे वेगळे ठेवणाऱ्या कायद्याला आव्हान द्यायला. त्याला तिथल्या तिथे अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि 'वेगळे पण समान' या नावाखाली पुढे अर्धं शतकाहून जास्त काळ माणसं वेगळी ठेवली गेली. राज्याने त्याला माफी दिली ती जानेवारी २०२२ मध्ये.

आणि संध्याकाळी कबरस्तानं. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, इथल्या जुन्या भाषेत ला तूसँ. लकोमची क्रिओल कुटुंबं आपापल्या पूर्वजांच्या कबरी साफ करून, पांढऱ्या रंगवून, अंधार पडला की त्यावर मेणबत्त्या लावतात. झाडीत दडलेली लहान लहान कबरस्तानं आहेत. पाद्री एकेका ठिकाणी जाऊन आशीर्वाद देतो. यंदा १ नोव्हेंबर शनिवारी येतोय आणि दिवाळी ऑक्टोबरातच आटोपतेय. असा योग पुन्हा लवकर नाही.

कळवा.
नाना

—

प्रेषक: अप्पा, सहल समिती
तारीख: ६ ऑक्टोबर
विषय: उत्तर: यंदाची सहल जवळच काढू या

नानांना सा. न.

कल्पना उत्तम. आत्तापर्यंत ४१ नावं आली, तेव्हा ४४ आसनांची बस करावी म्हणतो. दुपारचं जेवण फाँटेनब्लो पार्कमधल्या ओकच्या झाडांखाली. मसालेभात, कोशिंबीर आणि शेंगदाण्याची चटणी नक्की. मांसाहारींसाठी उकडलेले खेकडे तिथेच विकत मिळतील का?

तीन गोष्टी.

एक, पत्रकात 'केजन गावाची सफर' असं लिहितोय, चालेल ना?

दोन, तरुण मंडळींनी सुचवलंय की मेणबत्त्यांच्या उजेडात सगळ्यांचा एक फोटो काढू, पारंपरिक कपड्यांत. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठाला छान होईल.

तीन, हे जरा नाजूक. माझी आई इथे आली आहे, ८१ वर्षांची. तिन्हीसांजेला कबरस्तानात जायचं म्हटल्यावर ती गप्पच झाली. आणखी दोन घरांतूनही लहान मुलांबद्दल हीच शंका आली. तो भाग वगळून पाचला निघावं का?

अप्पा

—

प्रेषक: माई, स्लायडेल
तारीख: ७ ऑक्टोबर
विषय: उत्तर: उत्तर: यंदाची सहल जवळच काढू या

अप्पा,

आधी तुमच्या आईंबद्दल. त्यांना यायचं नसेल तर अजिबात आग्रह करू नका. मी त्यांच्याबरोबर गाडीत बसेन. मला तिथे आता दरवर्षी जाता येतं, एका वर्षाने काही बिघडत नाही.

पण बाकी दोन गोष्टींवर मला स्पष्ट लिहायचंय, राग मानू नये.

लकोम हे केजन गाव नाही. केजन लोकांचे पूर्वज फ्रेंच अकेडियन. इंग्रजांनी त्यांना १७५५ पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकललं, आणि त्यातले पुष्कळ लुईझियानाच्या नैर्ऋत्येकडच्या दलदलीत व गवताळ मुलखात स्थायिक झाले. लकोमचे लोक क्रिओल. इथेच, वसाहतीच्या काळात जन्मलेले, फ्रेंच, आफ्रिकन, स्पॅनिश आणि चॉक्टॉ अशा रक्तांचे. त्यांच्यात गुलामगिरीतून आलेले आहेत, पिढ्यान्‌पिढ्या स्वतंत्र असलेले आहेत, आणि ज्यांच्या पूर्वजांकडे स्वतःच गुलाम होते असेही आहेत. मी हे शेजारणीकडून हळूहळू शिकले. पहिल्यांदा मीही तिला केजन म्हणाले होते. ती रागावली नाही, पण तिने दुरुस्त केलं, आणि तिचा आवाज बदलला होता. मला अजून आठवतं.

फाँटेनब्लोच्या ओकखाली जेवा, जागा सुंदर आहे. पण तिथे विटांचे भग्न खांब दिसतात, ते बर्नार्ड द मारिनीच्या १८२९ च्या साखर कारखान्याचे. मँडव्हिल वसवणारा तोच. तो कारखाना गुलामांच्या श्रमांवर चालला. जेवणाआधी पाच मिनिटं मुलांना तिथे उभं करा आणि हे सांगा. मग जेवा.

आता मेणबत्त्या.

मी १९९६ साली पहिल्यांदा गेले. माझ्या शेजारणीच्या आईचं त्या वर्षी निधन झालं होतं आणि तिने मला विचारलं, येशील का. दुपारपासून तिथे होतो. तिच्या भावांनी आठवडाभर आधीच गवत काढलं होतं, पांढरा रंग दिला होता. मी शेवंती नेली, ती विचारून नेली. न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला या दिवसाचं फूल शेवंतीच आहे. मला तो वास आला आणि सातारची मंडई आठवली. म्हाताऱ्या बाया घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. कोणाचं लग्न जमलं, कोणाच्या बोटीचं इंजिन गेलं, अशा गप्पा चालल्या होत्या. अंधार पडायला लागला तशा सगळ्या उठल्या. कोणी काही सांगितलं नाही. एकेक मेणबत्ती लागत गेली आणि बोलणं हळू होत गेलं.

एका कोपऱ्यात एक कबर होती, नाव पुसलेलं. शेजारणीची मावशी मला म्हणाली, याचं आता कोणी उरलं नाही, आम्ही दरवर्षी आळीपाळीने लावतो, आज तू लाव. मी लावली.

माझे वडील मी इथे असताना गेले. मला वेळेवर पोचता आलं नव्हतं. एवढंच सांगते.

म्हणून माझी विनंती आहे. ४४ माणसांची बस त्या झाडीतल्या अरुंद रस्त्यावर नेऊ नका. मुखपृष्ठासाठी फोटो काढू नका. ती कोणाची तरी आई-आजी आहे तिथे झोपलेली. आपल्या घरच्या श्राद्धाला कोणी बस भरून माणसं आणली आणि पानांसमोर उभं राहून फोटो काढला, तर आपल्याला कसं वाटेल? ज्यांना मनापासून यायचं आहे अशा सहा-सात जणांना मी शेजारणीला विचारून बरोबर नेईन. ती हो म्हणाली तर. कॅमेरे गाडीत राहतील. मुलं आली तर हरकत नाही, तिथे त्यांची मुलंही हुंदडत असतात. घाबरण्यासारखं तिथे खरंच काही नाही.

माई

—

प्रेषक: वहिनी, ह्यूस्टन
तारीख: ८ ऑक्टोबर
विषय: क्रिओल भाषेबद्दल

सर्वांना नमस्कार,

मी या यादीवर वाचते, लिहीत नाही, कारण माझं मराठी तुमच्यासारखं नाही. मी मॉरिशसची. आमचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर करारावर गेले. घरात गणपती, देवळात मराठी आरती, पण रस्त्यावर आणि भावंडांशी आम्ही क्रिओल बोलतो. म्हणून माईंचा मेल वाचून राहवलं नाही.

लुईझियानाच्या क्रिओल भाषेला कुरी-विनी म्हणतात. कुरी म्हणजे जाणं, विनी म्हणजे येणं. लकोम-स्लायडेलच्या बाजूला जुन्या घरांत ही भाषा बोलायचे. मागे एका कार्यक्रमात एक आजी बोलताना मी ऐकलं आणि उठून तिच्याजवळ गेले. ती 'मो' म्हणाली, म्हणजे 'मी'. आम्हीही 'मो'च म्हणतो. 'तू'ला 'तो', 'तो-ती'ला 'ली', 'आम्ही'ला 'नू', सगळं सारखं. 'ते'साठी मात्र ती 'ये' म्हणाली, आम्ही 'झोत' म्हणतो. मो कोंतां ट्वा, म्हणजे तू मला आवडतेस, हे मी तिला म्हटलं आणि तिला लगेच कळलं. आमच्या दोघींच्या मध्ये दोन महासागर होते.

दोन्हीकडे मळे होते, फ्रेंच मालक होते, आणि वेगवेगळ्या भाषा बोलणारी आफ्रिकेतून आणलेली माणसं होती. त्यांनी एकमेकांशी बोलायला ही भाषा घडवली. तुटकी फ्रेंच म्हणून तिला लोक हसतात. ती तुटकी नाही, तिचं स्वतःचं व्याकरण आहे. मला लहानपणी शाळेत क्रिओल बोलू नको म्हणायचे. त्या आजीनेही हेच सांगितलं. १९२१ च्या राज्यघटनेने इथल्या शाळा फक्त इंग्रजीत केल्या, मुलांना घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली, आणि मग आईबापांनीच मुलांशी बोलणं सोडलं.

आमच्याकडे जाण्याला 'आले' म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या 'पाहुणे आले' आणि मला वाटायचं पाहुणे गेले.

मला माईंच्या सहा-सातांत घ्याल का?

वहिनी

—

प्रेषक: भाऊ, ह्यूस्टन
तारीख: ८ ऑक्टोबर
विषय: उत्तर: क्रिओल भाषेबद्दल

वहिनी, तुमचं मराठी चांगलंच आहे, लिहीत जा.

मी रेवदंड्याचा. आमच्या घरासमोर कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे कोरलई. त्या गावातली ख्रिस्ती मंडळी घरात जी भाषा बोलतात ती आम्हाला लहानपणी कळायची नाही, आणि आम्ही तिची टिंगल करायचो. त्याची मला आज लाज वाटते. ती पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली क्रिओल आहे. ते लोक तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले, आणि एवढ्याशा गावात ती भाषा पावणेतीनशे वर्षांहून जास्त टिकली. जेमतेम हजारभर माणसं बोलतात. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी येतं.

'क्रिओल' हा शब्दही पोर्तुगीज 'क्रिओलो'वरूनच आला. तेव्हा ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही, आमच्या खाडीपलीकडची आहे.

मलाही घ्या. गाडी मी चालवीन.

भाऊ

—

प्रेषक: अप्पा, सहल समिती
तारीख: ९ ऑक्टोबर
विषय: सहलीचा अंतिम कार्यक्रम

मंडळी,

माईंशी फोनवर बोललो. ठरलं ते असं. पत्रकातून 'केजन' काढलं. बस रद्द, सगळे आपापल्या गाड्यांनी. पक्षी, ट्रेस आणि जेवण सर्वांसाठी, चार वाजता सहल संपली. संध्याकाळी माईंबरोबर त्यांच्या शेजारणीच्या परवानगीने सात जण. फोटो नाही.

खेकड्यांसाठी कोणी मक्याची कणसं आणि बटाटे आणावेत, तेही त्याच मसाल्याच्या पाण्यात उकडतात. मात्र शाकाहारींची कणसं आधी वेगळ्या पातेल्यात.

अप्पा

—

प्रेषक: ताई, बॅटन रूज
तारीख: ३ नोव्हेंबर
विषय: वृत्तान्त

नमस्कार. अप्पांनी वृत्तान्त लिहायला सांगितलंय, म्हणून लिहिते.

पक्षी दिसले. पावणेसातला आम्ही पांढऱ्या पट्ट्याच्या तीन झाडांसमोर उभे होतो, ३६ माणसं, आणि एकही मूल बोललं नाही. नानांनी बजावलं होतं. साडेसातच्या आसपास एका ढोलीतून डोकं बाहेर आलं, मग दुसरीतून. चार पक्षी. चिरकत एकमेकांना हाका मारून पाच मिनिटांत उडून गेले. लाल रेघ कोणालाही दिसली नाही. उन्हात राळ मात्र चमकत होती, मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तशी. डास होते, नोव्हेंबर असूनही. लांब बाह्यांचे कपडे घाला हे पुढच्या वेळी पत्रकात मोठ्या अक्षरात लिहावं.

बायूवर ट्रेसचा उघडता पूल आहे, तिथे मुलांनी एक मगर पाहिली आणि सायकली तिथेच थांबल्या. कव्हिंग्टनपर्यंत कोणीही गेलं नाही. फाँटेनब्लोला विटांच्या खांबांपाशी नानांनी सांगितलं, मुलांनी प्रश्न विचारले. नऊ वर्षांच्या एकाने विचारलं की त्या माणसांच्या कबरी कुठे आहेत. नाना म्हणाले, बहुतेकांच्या कुठे आहेत ते कोणालाच सांगता येणार नाही.

माईंच्या शेजारणीने जेवणाला गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, पाठवला होता, मांसाहारींसाठी कोंबडीचा, आणि खास आपल्यासाठी पालेभाज्यांचा वेगळा. तो चवीला आळूच्या फदफद्याच्या जवळ जातो, चिंच-गूळ वगळून. सोबत एका बाटलीत फिले. ससाफ्रास झाडाची पानं वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केलेली पूड. ही चॉक्टॉ लोकांची देणगी, त्यांच्या बायका न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात ती विकायला नेत. गंबो चुलीवरून उतरवल्यावरच घालायची, उकळत्यात घातली तर तार सुटते. दाटपणासाठी भेंडी किंवा फिले. 'गंबो' हे नावही आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरूनच आलं म्हणतात.

संध्याकाळी आम्ही सात नाही, आठ झालो. अप्पांच्या आई ऐनवेळी म्हणाल्या, मी गाडीतून बघते. सव्वासहाला सूर्य मावळला. गाडी रस्त्याच्या कडेला होती, आणि माई ठरल्याप्रमाणे त्यांच्याजवळ बसल्या. आम्ही आत गेलो.

मी फार लिहिणार नाही. मेणबत्त्या किती होत्या ते मोजलं नाही. शेजारणीने आम्हाला तिच्या भावांना, भाच्यांना नावानिशी भेटवलं. वहिनी एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसल्या आणि अर्धा तास त्या दोघी 'मो' आणि 'तो' करत बोलल्या. बाईंना आठवायचं नाही, मग वहिनी शब्द सुचवायच्या, मग बाई म्हणायच्या, नाही, आमच्यात असं म्हणतात. त्यांच्या नातवाने फोन काढून ते टिपून घेतलं. तो त्यांच्या घरचा, आम्ही नाही. भाऊ गवतावर उकिडवे बसून ऐकत होते.

पाद्री आला, पाणी शिंपडलं, प्रार्थना झाली. नंतर मी गाडीकडे परतले तर आजी दार उघडून, पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, त्या कोपऱ्यातल्या दगडावर कोणी लावली का? माईंनी त्यांना ते सांगितलेलं असणार. मी म्हटलं, हो, लावली. कोणी लावली, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, एका मुलाने, त्यांच्यातल्या. त्या म्हणाल्या, बरं झालं.

निघताना शेजारणीने सांगितलं ते इथे कळवते. तिचे दोन्ही भाऊ आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि गवत काढायला हात कमी पडतात. पुढच्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी आठला यायचं, हातमोजे आणि खुरपी आपली आणायची, रंग त्यांचा. तिला दहा माणसं हवी आहेत. भाऊ, वहिनी, माई आणि मी अशी चार नावं मी देऊन टाकली. उरलेल्या सहांनी मला लिहावं.

आणि निळ्या झाकणाचा मोठा डबा कोणाचा आहे? माझ्याकडे राहिलाय.

ताई